पाथरीला गेलेली आजी

व्यंकटरावांची हयात रेल्वेत गेली. टीसी म्हणून लागले आणि टीसी म्हणूनच रिटायर होऊन पूर्णेला घर बांधून राहिले. एकुलता एक पोरगा परमेश्वर जर्मनीत नोकरीला, सून राजेश्री तिथंच, आणि नात गार्गी तर जन्मलीच तिकडं. पोरगी बोलायला लागली तसा पार्वतीबाईंनी, म्हणजे व्यंकटरावांच्या बायकोनं, नेमच धरला. रविवारी दिवेलागणीच्या आधी मोबाइल डाळीच्या डब्याला टेकवायचा, चष्मा लावायचा आणि नातीला गोष्ट वाचून दाखवायची. बाई सातवीपर्यंतच शिकलेली, पण वाचायला बसली की चुलीवरचं दूध उतू गेलं तरी भान नसायचं.

व्यंकटराव बाहेरच्या खोलीत बातम्या लावून बसत. आतून दोघींच्या हसण्याचा गलका आला की ओरडत, "आवाज बारीक करा जरा!" आत जाऊन बसावं असं त्यांना कधी वाटलं नाही.

पावसाळा सरता सरता पार्वतीबाईंच्या छातीत कळ आली. जीप करून नांदेडला निघाले, पण वाटेतच सगळं आटोपलं. तिकडं राजेश्रीलाही दवाखान्यात नेल्याचा फोन त्याच दिवशी सकाळी आला होता. दिवस भरायच्या आत पोरगा झाला, त्याला काचेच्या पेटीत ठेवलेलं. परमेश्वरला येणं जमलं नाही. अग्नी पुतण्यानं दिला.

तेराव्यानंतर परमेश्वरचा फोन आला.

"दादा, गार्गीला अजून सांगितलं न्हाई. बाळाच्या धास्तीनं ती आधीच भेदरलीय. सुट्टीत गावाकडं आलो की समोर बसवून सांगू. तवर तुमीच गोष्ट वाचा."

"आन् आजी कुठं हाय म्हणली तर?"

"पाथरीला गेलीय म्हणा, मावशीकडं."

पाथरीला पार्वतीबाईंची बहीण होती, म्हणजे खोटं असलं तरी पटण्यासारखं होतं. व्यंकटराव बरं म्हणाले.

पहिल्या रविवारी त्यांनी कपाटातलं वरचं पुस्तक काढलं. कासवाची गोष्ट होती. तिकीट तपासावं तसं एकेक अक्षर न्याहाळत ते वाचू लागले. "कासव मामाच्या गावाला निघाले. वाटेत नदी लागली. कासवाने नदी ओलांडली."

"आजोबा, तुम्ही पान सोडलं," गार्गी म्हणाली.

"न्हाई की."

"सोडलं! कासव रेल्वेत बसतं ना. त्याच्याकडे तिकीट नसतं. मग टीसी त्याला चुडाव्याला उतरवतो. ते रडतं, मग टीसीची बायको त्याला भाकरी देते."

व्यंकटरावांनी पान मागं-पुढं करून पाहिलं. नदी होती, कासव होतं, मामा होता. रेल्वे नव्हती, चुडावा नव्हता, टीसी तर कुठंच नव्हता.

"कसा असतो गं टीसी?"

"मिशीवाला. सारखा म्हणतो, आवाज बारीक करा!" गार्गी खुदकन हसली. "सगळे घाबरतात त्याला. पण त्याची बायको म्हणते, माणूस मनानं वाईट नाही."

व्यंकटराव पाणी पिऊन येतो म्हणून उठले. स्वयंपाकघरात माठाजवळ कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. पलीकडून नात हाका मारत होती.

त्यानंतर त्यांना रविवारची ओढच लागली. दोन ओळी वाचायचे आणि मुद्दाम थांबायचे. "पुढं काय सांगायची आजी?" मग गार्गी सांगायची. आजीच्या गोष्टीतला वाघ वसमतच्या बाजारात केळी विकायचा. तिच्या राणीला सासूचा जाच होता, आणि चिडली की राणी परातीत दणादणा कणीक मळायची. पार्वतीबाई अशाच मळायच्या. घरात एवढी वर्षं नांदलेली बाई व्यंकटरावांना आता सहा वर्षांच्या पोरीच्या तोंडून कळत होती.

पण गोष्ट संपली की प्रश्न यायचाच. "आजी आली का?"

"न्हाई बाळा. मावशीला बरं न्हाई."

"पाथरीला फोन नाही का?"

"हाय, पण रेंज लागत न्हाई."

तोंडानं असं म्हणताना भिंतीवरच्या पार्वतीबाईंच्या हार घातलेल्या फोटोकडं मोबाइलची पाठ होईल असं ते बसत. फोटो मोबाइलमध्ये दिसता कामा नये, ही एक धास्ती होतीच.

थंडी पडली तशी एका रविवारी गार्गी मूठ आवळूनच पडद्यासमोर आली. पहिला दात पडला होता.

"बघू गं," व्यंकटराव म्हणाले.

"आधी आजीला. मी आईलापण नाही दाखवला. आजोबा, पाथरीला जा ना. जाऊन घेऊन या तिला. माझी आठवण येत नाही का तिला?"

तेवढ्यानं व्यंकटरावांचा धीर सुटला. आजीला आठवण येत नाही, असं पोरीनं मनात धरून बसावं? पार्वतीबाईंना हे सोसलं नसतं.

"गार्गी, आजी पाथरीला न्हाई. आजी गेली बाळा."

"कुठे?"

"वारली."

"वारली म्हणजे?"

पोरीला शब्दच ठाऊक नव्हता. व्यंकटराव दुसरा शोधू लागले. देवाघरी गेली म्हणावं, तर ती कधी परत येणार विचारील. सोडून गेली म्हणावं, तर का म्हणून विचारील. उरला तो शब्द त्यांनी बायकोसाठी अजून एकदाही उच्चारला नव्हता. गुराढोरांसाठी वापरायचा तो शब्द.

"आजी मेली, बाळा. आता न्हाई येणार."

गार्गी रडली नाही. तिनं मूठ मागं घेतली.

"कधी?"

"बाळ आलं ना, त्या दिवशी."

"तेव्हापासून तुम्ही खोटं बोलत होता?"

फोन खाली पडला. पडद्यावर पांढरं छत दिसू लागलं आणि मग तिचं रडणं ऐकू आलं, दूर जाणारं. परमेश्वर धावत आला. "काय केलं दादा तुमी हे!" एवढंच म्हणाला आणि फोन बंद झाला.

पुढच्या रविवारी व्यंकटराव पुस्तक घेऊन बसून राहिले. फोन आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी आला, पण पडद्यावर एकटा परमेश्वर होता. दाढी वाढलेली.

"गार्गी यायला तयार न्हाई, दादा."

"राहू दे. तिला जबरदस्ती करू नको."

बापलेकांना फोनवर बोलायची सवय नव्हती. मधे कायम पार्वतीबाई असायच्या. मग परमेश्वरनं खाली मान घालून विचारलं, "जीपमधी माय शुद्धीत होती?"

एवढ्या दिवसांत त्यानं हे विचारलं नव्हतं.

"होती की. माझा हात धरून बसली होती."

"बोलली काई?"

"पाय गार पडायलेत म्हणली. मी चोळले. मंग म्हणली, परमाला आत्ताच कळवू नका. राजेश्री अडलेली हाय. लेकरू सुखरूप येऊ द्या, मंग सांगा."

"तुमच्यापाशी फोन होता तवा?"

"खिशातच होता."

"व्हिडिओ लावला असता, तर दिसलो असतो मी तिला. दोन मिनिटं का व्हईना."

"तिनं नको म्हणलं होतं रे."

"तिनं नको म्हणायचंच होतं, दादा. तुमी लावायचा होता."

लेकाचं बरोबर होतं आणि बायकोचंही. जीपमध्ये खिशातच राहिलेला तो फोन आता त्यांना जन्मभर सलणार होता. परमेश्वर तोंडावर हात घेऊन रडू लागला. लहानपणी रडायचा तसाच, खांदे उडवत. व्यंकटरावांनी पडद्यावर हात ठेवला आणि तसाच काढून घेतला.

आत बाळ किंचाळू लागलं. दारापलीकडून गार्गीनं काहीतरी हाक दिली, तिकडच्या भाषेत. परमेश्वरनं डोळे पुसत त्याच भाषेत उत्तर दिलं.

"काय म्हणली रे?" व्यंकटरावांनी विचारलं.

"बाळ उठलंय म्हणली."

"आन् मला काई म्हणली का?"

परमेश्वरनं दाराकडं पाहिलं. मग बापाकडं.

"न्हाई, दादा."