डाव्या टाचेचा मंत्र

रोह्याचा पूल ओलांडून अष्टमी गावात उतरलं की पत्र्याची एक शेड लागायची. आधी तिच्यात कोंड्याची पोती असत. त्या आषाढात तिथं पाउलबाबा येऊन बसले आणि शेडीचा मठ झाला. दर गुरुवारी चपलांचा ढीग रस्त्यावर यायचा. लोक लंगडत आत जातात आणि ताठ चालत बाहेर येतात, असं जो तो सांगे. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला मात्र कोणी भेटत नसे. प्रत्येकाच्या मेहुण्यानं पाहिलेलं असे.

निडीची अनिता त्या गर्दीत बसली होती. तिला शेजारच्या बायजानं ओढून आणलं होतं.

"सकाळी पहिलं पाऊल टाकलंस की टाचेत खिळा शिरतो," बाबा डोळे मिटून म्हणाले. "चार पावलं चाललीस की जरा निवतं. खरं का खोटं?"

"खरं," अनिता म्हणाली.

"बगा, न सांगता वळखलान!" बायजानं हात जोडले. टाच दुखणाऱ्या शंभरांतल्या नव्वदांना नेमकं हेच होतं, पण तेवढा विचार भरल्या मठात कोण करतो?

"कोर्टाची टाच घरावर येते ना? तशी तुझ्या टाचेवर टाच आलीय, बाय!" बाबांनी डोळे उघडले. गर्दी या कोटीवर डोलली. "घरात तुझ्याआधी कोण उठतं?"

"सासू."

"तुझ्याआधी भुईवर पाय ठेवते ती. लेकाला गिळलान, आता सुनेची वाट अडवलीय."

बायकांनी तोंडाला पदर लावले. अनिता बाबांकडे नुसती बघत राहिली. तिचा नवरा प्रवीण आदल्या वर्षी खांब गावच्या वळणावर ट्रकखाली गेला होता. तेव्हा ती रडली नव्हती, नंतरही नाही. जेवायची, कामाला जायची, कुणी विचारलं तर "व्हय" किंवा "नाय" म्हणायची. दिवसभरात तिला काही जाणवत असेल तर ती सकाळची पहिली कळ. तेवढीच काय ती तिच्या जिवंतपणाची खूण उरली होती.

टाचा दोन्ही दुखत होत्या, पण बाबांनी तिच्या फक्त उजव्या पायासाठी शेंदरी रंगाचं एक 'सिद्धपाउल' दिलं. पोटरीपासून बोटांपर्यंत पाय मागून धरून ठेवणारं, अर्ध्या बुटासारखं. मंत्र पुटपुटून ते रात्री बांधून झोपायचं आणि सासूच्या नजरेला पडू द्यायचं नाही. "उजवी मी सोडवली. डावी तुझ्या हातात. पिठोरी अवसेच्या आत म्हातारीला उंबऱ्याबाहेर काढ, नाय तर दोन्ही पाय जातील!"

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. अनिता पेणला दत्तात्रेय शेठच्या गणपतीच्या कारखान्यात कामाला होती. निडीहून गाडीनं जायची आणि दिवसभर सिमेंटच्या जमिनीवर उभी राहून साचे भरायची. सिद्धपाउल हातात घेताच तिला कळलं होतं, की हे काथ्या घातलेलं प्लास्टर आहे. पण म्हणून तिला शंका आली नाही. तिच्या हातचे गणपतीही प्लास्टरचेच होते की! कारखान्यात त्यांच्या डोक्यावर माशा बसत, आणि चतुर्थीला भटजींनी मंत्र म्हटले की तेच देव होत. प्लास्टर काय, मंत्र पडला की झालं. पेणला गणपती घडवणाऱ्या बाईनंच करावी अशी ही चूक होती.

आषाढ सरता सरता उजवी टाच खरोखरच निवली. झालं! बायजानं निडीभर डांगोरा पिटला. टाच बरी झाली म्हणजे बाबा खरा, बाबा खरा म्हणजे अनिताची सासू गोदूबाई भुताळी. नळावर बायका गोदूबाईची कळशी बाजूला सारू लागल्या. पोरांना तिच्या सावलीतून ओढून घेऊ लागल्या.

एका सकाळी गोदूबाईनं दोन लुगडी गाठोड्यात बांधली आणि ते दाराशी ठेवलं.

"तुजी टाच सुटत असंल तर मी जाते गो," ती म्हणाली. "खांबला भाची हाय. ठेवून घेईल, नाय तर नाय."

अनिता डबा भरत होती. "बरं," ती म्हणाली आणि गाडी गाठायला निघाली. तिला वाईटही वाटलं नाही. या गोष्टीतलं सगळ्यात भयंकर वाक्य बाबांचं नाही, ते हे आहे.

त्याच दिवशी पेणच्या हाडांच्या डॉक्टर मालतीबाई घरचा गणपती ठरवायला कारखान्यात आल्या. मूर्ती बघता बघता त्यांची नजर खुंटीला टांगलेल्या पिशवीवर गेली. सासूला दिसू नये म्हणून अनिता सिद्धपाउल रोज बरोबर आणायची. त्याचं शेंदरी टोक पिशवीबाहेर आलं होतं.

"हे कुठल्या डॉक्टरनं दिलं गो तुला? काम चांगलं आहे."

"डाक्टरनी नाय, बाबांनी," म्हणत अनितानं सगळं सांगितलं. सासूचंही सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात.

मालतीबाईंनी मूर्ती बांधायची सुतळी उचलली. "हे बघ. तळव्याखाली अशी एक दोरी असते. झोपेत पाऊल पुढं कलंडतं आणि ती रात्रभर आखडून राहते. सकाळी उठून तू भार टाकतेस, ती झटक्यानं ताणली जाते आणि टाचेपाशी कळ उठते. हा साचा पाऊल काटकोनात धरतो. दोरी आखडतच नाही. आमच्याकडंही आम्ही हेच देतो, फक्त शेंदूर लावत नाही."

"पण बाबा बोलले, सासू..."

"डावी अजून दुखते ना? आणि सासू?"

"गाठोडं बांधलंय. अजून घरात हाय."

"मग तिला ठेव घरात. डाव्या पायाला आपण इथंच साचा करू. सासू घरात असताना डावी बरी झाली, तर काय समजशील?"

अनिताला काय वाटतं, हे वर्षभरात कुणी विचारलंच नव्हतं. सगळे सांगतच आले होते. "तर सासूचा काय संबंध नाय," ती सावकाश म्हणाली.

तिनंच प्लास्टर कालवलं, काथ्या पसरला. मालतीबाईंनी पायावर कापूस गुंडाळून त्यावर साचा बसवला.

"आणि मंत्र?" अनितानं विचारलं.

"बेचा पाढा येतो? मग तोच म्हण."

त्या संध्याकाळी घरी येऊन अनितानं दारातलं गाठोडं उचललं आणि आत फळीवर ठेवलं. "पिठोरीपातुर थांबा," एवढंच म्हणाली. रात्री पाय बांधताना ती बेचा पाढा म्हणू लागली, तेव्हा काळोखातून गोदूबाईनं विचारलं, "काय गो, शाळंत जातेस काय?"

श्रावणभर पाढा चालला. टाच एका रात्रीत नाही बरी झाली. कळ हळूहळू बोथट होत गेली. पिठोरीच्या सकाळी अनितानं डावं पाऊल भुईवर टेकलं, आणि काहीच झालं नाही. ती तशीच उभी राहिली. शेजारी गोदूबाई चूल फुंकत खोकत होती.

दुपारी मठात मुंगीला शिरायला जागा नव्हती. गर्दीत पेणहून मालतीबाईही येऊन बसल्या होत्या.

"डावी सुटली?" बाबांनी गर्जून विचारलं.

"सुटली."

"बोला, पाउलबाबा की जय! म्हातारी गेली, टाच गेली!"

"म्हातारी नाय गेली," अनिता म्हणाली. तिनं मागं वळून हात धरला आणि गोदूबाईला पुढं उभं केलं. "ही बगा. महिनाभर माज्याच घरात हाय. माज्या आधीच उठते."

बाबा म्हणाले, "माझा मंत्र..."

"डाव्या पायाला तुमचा मंत्र नव्हता."

"मग कुठला होता?"

"बे एके बे, बे दुणे चार."

पहिल्यांदा मागच्या पोरी हसल्या, मग सगळा मठ. मालतीबाई दोन्ही साचे हातात घेऊन उठल्या. आखडलेल्या दोरीचा हिशेब त्यांनी सुतळी ताणून सगळ्यांना दाखवला आणि मग बाबांकडे वळल्या. "कडा मात्र सुबक दुमडता हं तुम्ही."

"मग! मुंबईला हाडांच्या वार्डात प्लास्टर घालायला होतो तेव्हा मोठे डाक्टर पण हेच..." बाबांनी जीभ चावली. पण बाण सुटला होता. पुढच्या गुरुवारी शेडीत पुन्हा कोंड्याची पोती आली.

बाबांचा साचा खोटा नव्हता, हे नीट लक्षात ठेवा. तो खरा होता म्हणूनच त्यांचं खोटं खपलं. गुण आला की आपण औषधाबरोबर त्याची गोष्टही गिळतो. तेव्हा थांबून एवढंच विचारावं: गोष्ट वगळली तर गुण येतो का? एवढं न विचारल्यानं निडीत एक म्हातारी घराबाहेर पडणार होती.

संध्याकाळी गोदूबाईनं पिठोरीची खीर केली. आदल्या वर्षी केली नव्हती. या दिवशी आई वाण डोक्यावर धरते, "अतित कोण?" विचारते, आणि मागं उभं असलेलं लेकरू आपलं नाव सांगून ते घेतं. गोदूबाईनं सवयीनं ताट डोक्यावर धरलं, विचारलं, आणि मग तिला आठवलं की मागं कोणी नाही.

"अनिता," मागून आवाज आला. सुनेनं दोन्ही हातांनी ताट घेतलं आणि वर्षभरात पहिल्यांदा ती मोठ्यानं रडली.