मुद्दाम फोडलेला माल

या, बसा. मी पडका आहे हे तुमच्या लक्षात आलं असेलच. हळहळू नका. पडकं असणं हे माझं दुखणं नाही, तो माझा धंदा आहे.

मी एक प्लास्टिकचा संच. जोडला की माझं जुन्या विलायती धाटणीचं चर्च होतं. जाणकार त्याला गॉथिक म्हणतात. उंच टोकदार कमानी, बारीक खांब, भिंतींना भगदाडं, अर्धा मनोरा गायब. बोटभर उंचीचे शिपाई मेजावर मांडून लढाईचा खेळ खेळणारी माणसं असतात, आणि ती लहान मुलं नव्हेत, चांगली नोकरदार, बायकापोरांची. त्यांचे शिपाई माझ्या भगदाडातून नेम धरतात, मोडक्या भिंतीआड दबा धरून बसतात. भिंत धड असेल तर शिपायाने काय करावं, बेल वाजवावी? माझी एकेक भेग कारखान्यात साचा करून पाडलेली आहे. इतकी साधी गोष्ट. पण ती उदगीरच्या अण्णारावांच्या डोक्यात शिरेपर्यंत माझी जी शोभा झाली, ती कुणाला सांगू?

मला विकत घेतलं हैदराबादच्या वीरभद्र नावाच्या गृहस्थाने. घेतलं आणि कपाटावर टाकलं. संच घ्यायचे आणि जोडायला वेळ नाही म्हणून रडायचं, हा या खेळ्यांचा दुसरा खेळ. मग एक दिवस त्याने फोनवर सिंधूने रंगवलेले शिपाई पाहिले. सिंधू ही अण्णारावांची मुलगी, आणि अण्णारावांचं उदगीरला रंग-हार्डवेअरचं दुकान. वीरभद्रने तिला कळवलं, हे चर्च जोडून, रंगवून दे. मनासारखं झालं तर आम्ही खेळाचा हॉल काढतोय, तिथलं सगळं काम तू सांभाळ, हैदराबादला ये.

अण्णारावांनी ऐकून घेतलं. पक्के व्यापारी. लगेच हो नाही, लगेच ना नाही. म्हणाले, "पहिला माल गिऱ्हाइकानं ठेवून घेतला तर जा बाई. परत आला तर दुकानात बसायचं, मग हैदराबादचं नाव काढायचं न्हाई."

सिंधू "हाव" म्हणाली. म्हणजे तिचं पुढचं सगळं माझ्या भिंतींवर टांगलं गेलं. आणि मला कुणी विचारलं? छे.

साल दोन हजार सोळा. लातूरला पाणी रेल्वेने येत होतं. उदगीरला पाण्याचा पत्ता नव्हता, पण जिल्हा व्हायची तयारी जोरात होती. अण्णाराव त्या मागणीतले खंदे. सरकार जाहीर करील तेव्हा करील, आपण कशाला खोळंबा, म्हणून त्यांनी दुकानाच्या पाटीवर 'जिल्हा उदगीर' रंगवून टाकलं. रंग घरचाच. पुढे वीरभद्रला फोनवर पत्ताही तोच सांगितला. आता जो जिल्हा अजून निघालाच नाही, तिथे पार्सल कसं पोचावं? मी नांदेडला जाऊन आलो, देगलूरला मुक्काम केला, निलंग्याला कांद्याच्या पोत्याखाली दिवस काढले. माझ्या डब्यावर माझं छान चित्र होतं. तो डबा फाटला. कुठल्याशा भल्या माणसाने मला बुटांच्या खोक्यात घालून सुतळीने बांधलं, तसा मी एकदाचा पोचलो. चित्र गेलं, तिथेच माझे ग्रह फिरले.

जोडण्याआधी मला साबणाच्या पाण्यात धुवावं लागतं, नाहीतर साच्याच्या तेलकटपणावर रंग बसत नाही. सिंधूने हे सांगताच तिच्या आईने, धुरपताबाईंनी, तिच्याकडे असं पाहिलं की जणू पोरीने हत्ती पाळायला मागितलाय. टँकर कधी येईल याचा भरवसा नाही, आणि खेळण्याला आंघोळ? शेवटी घरच्यांचे कपडे धुऊन उरलेल्या पाण्यात मला बुचकळलं. अण्णारावांच्या धोतराची नीळ माझ्या कमानींना लागली. मग तेच पाणी फरशीला गेलं. रंगाचा कुंचला धुवायला एक वाटी पाणी मिळे, तीही बोलणं ऐकून.

पण सिंधूचा हात मात्र चांगला. चौकटीतून एकेक तुकडा कातरून काढायचा, राहिलेला देठ घासायचा, डिंकाचा थेंब, मग बोटात धरून दम धरायचा. मी म्हणत होतो, चला, कुणीतरी शहाणं भेटलं. अण्णाराव तिकडे फिरकत नव्हते. माल तयार झाल्यावर बघू, हा त्यांचा खाक्या. मी उभा राहिलो, काळ्या रंगाचा पहिला हात मारून झाला, आणि नेमका टँकर आला. सिंधू घागरी घेऊन धावली.

दुपारी दुकान बंद करून अण्णाराव आत आले. मला पाहिलं आणि कपाळाला हात लावला. भिंतीला भोकं, मनोरा मोडलेला. त्यांना वाटलं, कुरिअरवाल्यांनी आपटला. त्यांच्या दुकानातून आजवर डबा चेपलेला गेला तरी ते बदलून देत. आणि पोरीचा पहिला माल असा जाणार?

त्यांनी एम-सीलच्या पुड्या फोडल्या. मळलं, आणि लावलं. एकेक भगदाड अंगठ्याने दाबून बुजवलं. खिडक्या बुजवल्या. मनोऱ्याला वर टोपी केली, पिठाच्या गोळ्यासारखी. मी ओरडत होतो, पण प्लास्टिकचं ओरडणं कोण ऐकतो? नाहीतरी दुरुस्त करणारा माणूस कधी कुणाचं ऐकत नाही.

तेवढ्यात मडिवाळप्पा आले. हे जिल्हा कृती समितीचे, रोजचं पान अण्णारावांकडेच खाणारे. त्यांनी मला चारी बाजूंनी न्याहाळलं आणि म्हणाले, हे तर आपलं नवं कलेक्टर ऑफिस दिसायलंय. पिवळा मारा, मोर्चात ट्रॅक्टरवर पुढं ठेवू. अण्णारावांना त्यातही अपमान वाटला नाही. ते खरंच फिक्कट पिवळ्याचा डबा उघडायला बसले.

सिंधू दारात आली. घागर खाली ठेवायची राहिली.

"अप्पा, हे काय केलंत?"

"फुटलं हुतं. जोडून दिलं."

"ते फुटकंच असतंय."

"फुटका माल कोण घेतंय, बाई?"

मडिवाळप्पा पान घेऊन सटकले. समितीची माणसं मोर्चात पुढे असतात, घरच्या भांडणात मागे. सिंधूने घागर ठेवली आणि फार हळू बोलली. "मला पाठवायचं नव्हतं तर तोंडानं सांगायचं होतं. हातानं कशाला सांगितलंत?"

अण्णारावांचं तोंड उतरलं. ते मला सोडून तिच्याकडे बघत राहिले. "माल परत येऊ नये म्हणून जोडला, सिंधू. तू जावं म्हणून."

माझ्या अंगावर एम-सील दगडासारखं होत चाललं होतं. ते कुणासाठी थांबेना.

धुरपताबाई आतून आल्या, त्या अडकित्ता घेऊन. खाली बसल्या, मला मांडीवर घेतलं, आणि सुपारी कातरावी तशी माझी भिंत कातरायला लागल्या. अण्णाराव म्हणाले, अगं, पोरीचं काम. त्या म्हणाल्या, पोरीला ठावं न्हाई भिंत कशी पडती. तिला चित्रातलं ठावं. त्यांचं माहेर किल्लारीकडचं. भूकंपानंतर सिंधूला कडेवर घेऊन त्या तिथे गेल्या होत्या, एवढंच घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यापुढचं त्यांनी कधी काढलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं.

कातरत कातरत त्या एका बुजवलेल्या खिडकीशी थांबल्या. तिचा खालचा भाग त्यांनी तसाच ठेवला, आत जरा पोकळ कोरला.

"हा कोनाडा राहू दे. आमची भिंत गेली, कोनाडा उभा हुता. आत राकेलची चिमणी. काचसुदीक फुटली नव्हती."

अण्णाराव उठले. मला वाटलं निघून गेले. ते दुकानातून बारीक पॉलिश पेपर घेऊन आले, सिंधूच्या हातात दिला, आणि उजेड पडावा म्हणून दाराची झडप धरून उभे राहिले.

आता माझी अडचण ऐका. गॉथिक चर्चला कोनाडा! सातासमुद्रापलीकडच्या माझ्या कारागिरांनी ऐकलं असतं तर त्यांनी धंदाच सोडला असता. सिंधूने त्यात टाचणीच्या डोक्याएवढी चिमणी बसवली, काजळीसुद्धा रंगवली. मी लाजेने काळा पडलो. काळा होतोच म्हणा.

हैदराबादच्या बसवर मला सोडायला अण्णाराव स्वतः आले. खोक्यावर त्यांनी ठळक अक्षरात लिहिलं होतं: 'मुद्दाम फोडलेला माल आहे. जपून ठेवणे.' कंडक्टरने ते दोनदा वाचलं आणि मला मांडीजवळ ठेवलं.

वीरभद्रने खोकं उघडलं आणि लगेच फोन लावला. म्हणाला, भिंतीत हे काय आहे, माझ्या संचात असलं काही नव्हतं. सिंधूने सांगितलं, कोनाडा. त्याला कळेना. मग ती म्हणाली, दिवा ठेवायची भिंतीतली जागा. तसा तो आपल्या तेलुगूत म्हणाला, "गूडु. आमच्या आजोळी होता." पुढे फक्त एवढंच विचारलं, की कधी येतेस.

ती आली. आता मी त्या हॉलमध्ये असतो. खेळे माझ्या मनोऱ्यावर चहाचे पेले ठेवतात, हरले की मला दोष देतात. सगळ्यांना कोनाडेवालं चर्च हवं असतं, म्हणजे ही चूक आता माझ्या जातभाईंनाही लागली. असो.

पाऊस होऊन गेल्यावर अण्णाराव पोरीला बघायला आले. माझ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. त्यांचं बोट माझ्या भगदाडाकडे यायला लागलं आणि माझ्या अंगावर काटा आला. पण ते बोट तसंच खिशात गेलं. मग त्यांनी सिंधूला विचारलं, "मी कुणाच्या बाजूनं?"

तिने त्यांना शिपाई दिले, नियम सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि एकूण एक शिपाई माझ्या त्यातल्या त्यात धड भिंतीआड नेऊन बसवले. अजून तिथेच आहेत. वीरभद्रचे लोक ताटकळलेत, सिंधू हनुवटीला हात लावून बसली आहे, आणि अण्णाराव म्हणतात, घाई कशाला, बाहेर गोळ्या चालू हायत.

तुमच्यापैकी कुणी त्यांच्या ओळखीचं असेल तर कृपा करून समजवा त्यांना. शिपाई पुढे गेले नाहीत तर खेळ होत नाही.