गेटवेवरची एक ओळ

रूटिंग, म्हणजे नेटवर्कवरच्या माहितीला वाट आखून देणं, मला मामांनी शिकवलं. सख्खे मामा, आईचे धाकटे भाऊ. त्यांच्या शिफारशीवर मी ऑफिसात चिकटले, सवयीने सगळ्यांदेखत त्यांना मामा म्हणाले, आणि महिनाभरात शिपायापासून हिशेबनिसापर्यंत सगळं ऑफिस त्यांना मामा म्हणायला लागलं. ते मात्र मला मीटिंगमध्येही चिऊ म्हणायचे. चौतिसाव्या वर्षी, दहा माणसांसमोर, चिऊ. मी कधी तक्रार केली नाही, कारण ते ऐकायला मला आवडायचं.

आमचं ऑफिस रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळांचं. तळघरात एक दांडगं यंत्र आहे आणि त्याच्या पोटात नऊ व्हर्च्युअल सर्व्हर, सगळे लिनक्सवर चालणारे. एका इमारतीत नऊ भाडेकरू राहावेत तसे. पूर्वी या प्रत्येक भाडेकरूने भिंत फोडून स्वतःचं दार रस्त्यावर काढलेलं होतं. म्हणजे प्रत्येक सर्व्हर थेट इंटरनेटवर, आणि कोण कुठून आत शिरेल याचा पत्ता नाही. मी दोन महिने घासून नवा आराखडा केला. सगळे आतल्या नेटवर्कवर, बाहेर जायला एकच वाट, ती गेटवे म्हणून ठेवलेल्या दहाव्या सर्व्हरमधून. रुग्णांची माहिती ज्याच्यावर आहे त्याला बाहेरची वाटच नाही. डॉक्टरांना रिपोर्ट पाठवणाऱ्याला आहे, पण तेवढ्या कामापुरती.

पुढच्या महिन्यापासून या साऱ्याचा कारभार एकाच माणसाकडे जाणार होता. दुसऱ्याची रवानगी शाखांकडे, म्हणजे जन्मभर प्रिंटर आणि रुसलेले कीबोर्ड. मामा आणि मी, दोघांतून एक. मामांनी घरी, मामीसमोर आणि आईसमोर सांगून टाकलं होतं, "हे काम चिऊचं आहे. माझी तीन वर्षं उरलीत, मी हिंडेन शाखांतून. तेवढेच पाय मोकळे होतील." आईचे डोळे भरून आले. माझेही आले, खोटं कशाला बोलू.

मामांचे दोन नियम होते. पहिला, गेटवेवर एकट्याने काही बदलायचं नाही. हुकमाची ओळ टाइप करायची, एन्टर दाबण्याआधी दुसऱ्याला वाचून दाखवायची, त्याने हो म्हटलं की मगच बोट हलवायचं. गेटवेवर चूक झाली तर नऊही सर्व्हर एकदम तोंडघशी पडतात. दुसरा नियम टायमरचा. कुठलाही बदल करताना यंत्राला सांगून ठेवायचं की इतक्या मिनिटांनी सगळं पूर्वीसारखं कर, म्हणजे फसलं तरी आपोआप सावरतं. बाकी सगळे दहा मिनिटं लावतात. मामा सात लावायचे. "दहा मिनिटं शिव्या खायला फार होतात," म्हणायचे.

मंगळवारी चाचणी होती. साडेअकराला मी शेवटचा सर्व्हर नव्या वाटेवर आणला. आमच्या प्रमुख मॅडम माझ्या खुर्चीमागे उभ्या होत्या. रिपोर्ट सुरळीत जायला लागले, मॅडम "छान" म्हणाल्या, आणि अकरा चाळीसला रिपोर्ट थांबले. लगेच त्यांचा फोन वाजायला लागला. त्या काचेच्या भिंतीपलीकडे जाऊन डॉक्टरांची समजूत घालू लागल्या.

घाबरले मी, पण हात चालत होते. रिपोर्टचा सर्व्हर गेटवेपर्यंत पोचत होता. गेटवे पुढे पोचत नव्हता. त्याच्यावरची वाटांची यादी काढली, तर इंटरनेटकडे जाणारी ओळच, म्हणजे डीफॉल्ट रूट, गायब. एवढं सापडायला दोन मिनिटंही लागली नाहीत. ती ओळ मी परत टाइप केली, कानाला इअरफोन लावला आणि नियमाप्रमाणे मामांना फोन केला. ते वरच्या मजल्यावर आपल्या टेबलाशी होते.

"मामा, गेटवेवरचा डीफॉल्ट रूट उडालाय. परत घालतेय, ऐका." मी ओळ वाचली.

"थांब."

"का? चुकलंय का काही?"

"हात लावू नकोस. मला इथे काहीतरी वेगळंच दिसतंय. फोन चालू ठेव."

मी हात मांडीवर ठेवले. मिनिटभराने विचारलं, "घालू का?" ते म्हणाले, "थांब गं चिऊ." पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. काचेपलीकडून मॅडम कानाला फोन लावून माझ्याकडे बघत होत्या, आणि मी पाहुण्यांसमोर बसवलेल्या मुलीसारखी मुकाट बसले होते. अकरा सत्तेचाळीसला रिपोर्ट आपोआप सुरू झाले. "बघ, आलं," म्हणून मामांनी फोन ठेवला.

मॅडम आत आल्या. "काय झालं होतं?"

"रूट गेला होता."

"कसा गेला?"

"माहीत नाही."

"मग आला कसा?"

"माहीत नाही."

स्वतःची उत्तरं ऐकून माझीच मला लाज वाटली. जेवणाच्या सुट्टीत मामांनी पाठीवर थोपटलं. म्हणाले, मनाला लावून घेऊ नकोस, होतं असं.

पण ते "आपोआप" मला चैन पडू देईना. यंत्रात आपोआप काही होत नाही, कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं. बुधवारी दुपारी डबा तसाच ठेवून मी गेटवेच्या नोंदी काढल्या. अकरा चाळीसला कुणीतरी रूट काढला होता, आणि त्याच वेळी टायमर लावला होता, सात मिनिटांनी परत घाल म्हणून. सामाईक लॉगिन वापरलेलं, त्यामुळे नाव नव्हतं. नावाची गरजही नव्हती. आमच्या ऑफिसात सात मिनिटं एकच माणूस लावतो.

रूट काढला, तेवढं मी पचवलं असतं. पण फोनवर मी ओळ वाचत होते तेव्हा ती बरोबर आहे हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं. तरी त्यांनी मला हात मांडीवर ठेवायला लावले. त्यांना पक्कं ठाऊक होतं की चिऊ ऐकेल. अकरा वर्षं ऐकलं होतं तिने.

नोंदींचा कागद छापून मी तडक मॅडमच्या खोलीत गेले. मामा तिथेच बसले होते. म्हटलं बरंच झालं, काय ते तोंडावर होऊ दे.

मॅडमनी कागद वाचला. त्यांना काहीच नवल वाटलं नाही.

"हे मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "मामांनी सोमवारीच सांगितलं होतं. मुद्दाम बिघाड करतो, सात मिनिटांत सगळं जागेवर येईल, तोवर ती काय करते ते बघा. तुझी परीक्षा होती ती."

मी मामांकडे पाहिलं. ते त्या कागदाचा दुमडलेला कोपरा बोटाने सरळ करत होते.

"मॅडम, बिघाड मला दुसऱ्या मिनिटाला सापडला होता. ओळ टाइप करून तयार होती. मामांनीच फोनवर सांगितलं, हात लावू नकोस."

मॅडम त्यांच्याकडे वळल्या. "मामा?"

"फोन आला होता तिचा," मामा हळू आवाजात म्हणाले. "घाबरली होती पोरगी. मी म्हटलं, चिऊ, निर्णय तुझा तू घे. परीक्षेत मी उत्तर कसं सांगणार?"

इतक्या मायेने बोलले की क्षणभर मलाच वाटलं, खरंच असं म्हणाले असतील.

"नाही म्हणालात तुम्ही असं," मी म्हटलं, आणि माझा आवाज फाटला. तिथेच मी हरले. शांत माणूस आणि रडवेली बाई समोर असली की लोक कुणाचं खरं मानतात हे मला शिकवायला कुणी नको.

मॅडमनी कागद घडी करून मला परत दिला. "तुझी हुशारी मला मान्य आहे. पण वेळेला हात थिजून चालत नाही. गेटवे मामांकडे राहू दे. तू सोमवारपासून शाखा बघ."

मी बाहेर आले. मागोमाग मामा आले, माझं कोपर धरून मला पाण्याच्या मशीनपाशी घेऊन गेले. ते आता माफी मागणार असं मला वाटलं. आणि मी माफ करणार होते. एक शब्द बोलले असते तरी चाललं असतं, इतकी मी मूर्ख.

त्यांनी दोन्हीकडे बघून घेतलं.

"चिऊ, तुझ्या फोनमध्ये बोलणं रेकॉर्ड होतं का गं?"

"नाही," मी म्हटलं. "मामाचा फोन कोण रेकॉर्ड करतं?"

त्यांनी श्वास सोडला, मला ऐकू येईल इतका मोठा. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मॅडमच्या खोलीत परत गेले.