अकरा मोळ्या

छाटणीची कात्री हरवून चार दिवस झाले होते, आणि त्या चार दिवसांत आकिलेस बेर्तोलिनींच्या तोंडून जेमतेम दहा वाक्यं बाहेर पडली होती. त्यातली निम्मी कुत्र्यासाठी. सकाळी उठायचे, स्वयंपाकघरात चुलीपाशी बसायचे, माते नावाच्या कडू चहाचा भोपळा हातात धरायचे आणि नळीला तोंड न लावताच तो निववून टाकायचे. बाहेर उरुग्वेतल्या ऑगस्टचं, म्हणजे हिवाळा सरतानाचं, स्वच्छ, थंड ऊन पडलेलं. द्राक्षमळ्याच्या खालच्या अंगाच्या चौदा ओळी छाटायच्या राहिलेल्या, आणि दहा-बारा दिवसांत वेलींचे डोळे फुगायला लागणार. अंगात ताप असला तरी छाटणी न सोडणारे चौऱ्याऐंशी वर्षांचे बाबा मांडीवर हात ठेवून बसून होते.

त्यांच्या मुलीला, झुल्माला, हे बघवत नव्हतं, कारण काडी तिनेच लावली होती.

शनिवारी संध्याकाळी ते आत येऊन म्हणाले होते, "कात्री मी काड्यांच्या ढिगावर ठेवली होती. तिथे नाही." झुल्माचे हात कणकेत होते, डोकं दुसरीकडे होतं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही कात्री कधी ढिगावर ठेवता? खिळ्याला अडकवता. विसरला असाल."

विसरला असाल. त्या घरात हा शब्द कोणी सहज वापरत नसे. आकिलेसचा थोरला भाऊ नासारेनो आधी किल्ल्या विसरला, मग चष्मा, आणि शेवटी शेवटी बायकोलाच विचारायला लागला, की बाई, तुम्ही कोणाकडच्या? झुल्माने बोलून जीभ चावली, पण तोवर बाबांचा चेहरा उतरला होता. त्यांनी खिळा पाहिला, शेड पाहिली, कोटाचे खिसे उलटे केले, ट्रॅक्टरची बैठक उचलली, कोंबड्यांच्या खुराड्यातही हात घालून आले. मग ते स्वतःवर नजर ठेवायला लागले. कुत्र्याचं नाव घेताना क्षणभर थांबायचे, आणि बरोबर आलं की मान डोलवायचे.

झुल्माने लास पिएद्रास गावी जाऊन लाल मुठीची नवी कोरी कात्री आणली. बाबांनी ती उघडली, मिटली, पुसली, खणात ठेवली आणि "चांगली आहे" म्हणाले. बेर्तोलिनींच्या घरात "चांगली आहे" हे दुसऱ्यांच्या वाइनबद्दल म्हणायचं असतं.

बुधवारी दुपारी ती शेडच्या मागे छाटलेल्या काड्यांचा ढीग बघायला गेली आणि तिथेच उभी राहिली.

बेर्तोलिनींकडे एक रीत होती. छाटणीच्या दिवसांत जो वाइन न्यायला येईल त्याला पेटीबरोबर द्राक्षाच्या काड्यांची एक मोळी द्यायची, वाळुंजाच्या ओल्या फांदीने बांधून. त्या काड्यांच्या निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाची चव दुसऱ्या कशाने येत नाही, आणि मोंतेविदेओ शहरातल्या माणसाला अशा काड्या मिळणार कुठून? मोळी द्यायचा मान बाबांचा. ते ती दोन्ही हातांनी द्यायचे आणि म्हणायचे, "मागच्या वर्षी आलात, ह्या वर्षीही आलात." आभाराचं त्यांचं भाषण एवढंच.

झुल्माला अलीकडे ह्या मोळ्यांची लाज वाटायला लागली होती. हमरस्त्यावर काचेच्या दिवाणखान्याची मोठी वायनरी झाली होती. तिथे येईल त्याला नाव कोरलेला पेला मिळायचा. झुल्मा एकदा चोरून बघायला गेली होती, आणि फोन नंबर देऊन बसली. तेव्हापासून दर वाढदिवसाला सकाळी नवाच्या ठोक्याला "प्रिय झुल्मा" म्हणून शुभेच्छा येतात. स्पेनमध्ये असलेल्या पोटच्या मुलाला आठवेपर्यंत बारा वाजतात. लोक पेले देतात आणि आपण सरपण देतो! ह्याच हंगामात ती बाबांना म्हणाली होती की पुढच्या वर्षापासून हे मोळ्यांचं पुरे. कशाला कमरेचा काटा ढिला करायचा? गिऱ्हाईक जाळतं आणि विसरतं.

आता ढिगापाशी तिला तो शनिवार डोळ्यांसमोर दिसला. आभाळ भरून आलेलं, तेवीस गिऱ्हाइकं यायची, आणि ती कवेत मावतील तेवढ्या काड्या उचलून भराभर गाठी मारत होती. बाबा शेजारीच छाटत होते. फाटकातून कोणीतरी हाक मारली, तसे ते हातातलं टाकून तिकडे गेले. हातातलं टाकलं कुठे? ढिगावर. आणि ढीग बांधला कोणी?

म्हणजे कात्री तेवीस मोळ्यांपैकी एकीच्या पोटात बसून शहरात गेली होती. आणि रविवार उलटून गेला होता. रविवारी उरुग्वेत ज्याच्या घरी शेगडी पेटत नाही तो माणूस आजारी तरी असतो किंवा परदेशी तरी.

बाबांना तिने लगेच सांगितलं नाही. नुसतं सांगून काय होणार? म्हातारं माणूस म्हणेल, पोरगी माझी समजूत घालतेय. कात्रीच हातात ठेवायला हवी होती.

गुरुवारी सकाळी ती तळघरात पिंपांच्या मागे जाऊन बसली आणि वहीतलं पहिलं नाव काढलं. आपल्याच गिऱ्हाइकाला फोन करून "मी तुम्हाला भेट दिलेली वस्तू जरा उसकटून बघता का" असं विचारायचं म्हणजे काय, हे ज्याने केलं असेल त्यालाच कळेल.

पहिली निवृत्त शिक्षिका ओफेलिया पिंतोस. मोळी रविवारीच जाळली म्हणाल्या. झुल्मा माफी मागून फोन ठेवणार, तर बाई "थांबा" म्हणून गेल्या त्या दहा मिनिटांनी आल्या. राखेची बादली पिठाच्या चाळणीने चाळून आल्या होत्या. कात्री नव्हती, पण कधीचा हरवलेला एक काटा सापडला, म्हणजे तुमचे उपकारच झाले, असं म्हणाल्या. मग वडिलांचा गुडघा कसा आहे ते विचारलं. झुल्माला आठवेना बाबा ह्यांच्यापाशी गुडघ्याबद्दल कधी बोलले.

एक खाटीक निघाला, जो ती मोळी नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसासाठी राखून ठेवतो आणि बायकोलाही हात लावू देत नाही. त्याने फोन चालू ठेवूनच मोळी सोडली, काडी न् काडी मोजल्यासारखी बाजूला केली, आणि नाही म्हणताना त्याचाच आवाज पडला. एक बाई त्या काड्यांची गोल वेणी घालून दाराला लावते. एकाचा मुलगा लांब दक्षिणेला असतो. त्याला त्या माणसाने अर्धी मोळी पोस्टाने पाठवली होती, आणि आता मुलाला विचारतो म्हणाला.

सिल्वेराबाईंनी तर कोणी न विचारताच कबुली दिली. ती दोघं नवरा-बायको एकदा हमरस्त्यावरच्या त्या वायनरीत जाऊन आली होती, नणंदेच्या आग्रहाने. पेलाही मिळाला.

"वाइन कशी होती?" झुल्माने जीव मुठीत धरून विचारलं.

"छान होती हो," सिल्वेराबाई म्हणाल्या. "पण आमचा कुत्रा गेला ते तिथे कोणाला माहीत नव्हतं. तुमच्या वडिलांनी मात्र ह्या वेळी मोळी देताना ह्यांना विचारलं, गाडीत आज मागे कोणी भुंकत कसं नाही? हे गाडीत बसून रडले, बाई. आता तुम्हाला म्हणून सांगते."

चौऱ्याऐंशीव्या वर्षी ज्याला दुसऱ्याचा कुत्रा आठवतो, त्याला आपण विसरला असाल म्हणालो. झुल्माने पिंपाला डोकं टेकलं आणि पुढचं नाव काढलं.

संध्याकाळपर्यंत बावीस नावं झाली. राहिले एक, वॉशिंग्टन लारोसा. जुन्या काळचे घड्याळजी, आता निवृत्त. वर्षातून एकदा बसने यायचे, सहा बाटल्या घ्यायचे, हूं की चूं नाही, मोळी काखेत मारून परत बसने जायचे. हे गिऱ्हाईक आज ना उद्या सुटणार, असं झुल्माने मनात केव्हाच धरलं होतं. त्यांचा फोन दिवसभर वाजत राहिला.

शुक्रवारी बाबांना दाताच्या डॉक्टरचं कारण सांगून ती मोंतेविदेओला गेली. लारोसा सातव्या मजल्यावर राहत. दार उघडलं तर पायात सपाता, गळ्यात टाय. तिला बघून ते पोलीस आल्यासारखे दचकले.

"फोन केला होता," झुल्मा म्हणाली.

"मी उचलत नाही. फोनवर कोणी चांगलं सांगत नाही."

तिने मोळीचं विचारलं मात्र, गृहस्थ कानापर्यंत लाल झाले आणि गॅलरीच्या दाराला पाठ लावून उभे राहिले. तिने कात्रीची हकीकत सांगितली. नासारेनोकाकांचंही सांगितलं, जे ती फोनवर कोणालाच बोलली नव्हती. त्यांनी खाली बघून ऐकलं आणि मग दार उघडलं.

गॅलरीत मोळ्या होत्या. खाली हवा खेळावी म्हणून विटा लावलेल्या, वर निळी ताडपत्री, आणि प्रत्येक मोळीला कागदाची चिठ्ठी, तिच्यावर घड्याळजीच्या बारीक अक्षरात साल. एकूण अकरा. उभं राहायला एका पावलाची जागा उरली होती.

"तुमच्याकडे शेगडी नाही?"

"सातव्या मजल्यावर? सिगरेट पेटवली तर खालची बाई वर येते. ह्या लाकडांवरून तिने दोनदा सोसायटीत तक्रार केली आहे."

"मग अकरा वर्षांत एकदा तरी सांगायचं, सेन्योर लारोसा. नको म्हणायचं."

त्यांनी एका मोळीची चिठ्ठी सरळ केली. "पहिल्या वर्षी तुमच्या वडिलांनी दोन्ही हातांनी दिली. तशी दिलेली वस्तू नको कशी म्हणणार? दुसऱ्या वर्षी म्हणाले, मागच्या वर्षी आलात, ह्या वर्षीही आलात. मला वाटलं, आता तिसऱ्या वर्षी गेलं पाहिजे. ह्या शहरात, बाई, मी गेल्या वर्षी आलो होतो की नाही हे दुसऱ्या कोणाला माहीत नसतं."

"आणि वाइन तरी आवडते ना?"

"मला डॉक्टरांनी बंद केली आहे. बहिणीला देतो. ती म्हणते उत्तम असते."

त्यांनी सर्वांत वरची मोळी उचलून तिच्यापुढे ठेवली. "ह्या वर्षीची जड आहे. बसमध्ये मांडीवर घेतली तेव्हाच जाणवलं. म्हटलं, म्हाताऱ्यांनी ह्या खेपेला हात सैल सोडला."

वाळुंजाची गाठ त्यांनी कापली नाही, नखांनी उकलली. काड्या पसरल्या, आणि मधोमध कात्री. मुठीला चामड्याची पट्टी, झुल्माच्या आईने कधीकाळी गुंडाळलेली. ह्या माणसाकडे शेगडी असती तर ती पट्टी रविवारीच धूर होऊन गेली असती. झुल्मा मटकन मागच्या कुठल्यातरी सालावर बसली. आधी तिला हसू आलं, आणि मग हसण्याच्या मागे सहा दिवस दबून राहिलेलं सगळं आलं. लारोसांनी पाणी आणून दिलं आणि शिष्टाचार म्हणून समुद्राकडे बघत राहिले. मग आतून बारकी कुपी आणून कात्रीच्या स्प्रिंगला दोन थेंब तेल सोडलं. जरा घासत होती म्हणाले.

घरी बाबा तसेच बसले होते. झुल्माने कात्री त्यांच्या मांडीवर ठेवली.

"ढिगावर होती, बाबा. मीच मोळीत बांधली."

त्यांनी चामड्यावरून अंगठा फिरवला. "म्हणजे मी ढिगावर ठेवली होती."

"ढिगावर."

"खिळ्याला नव्हती."

"खिळ्याला नव्हती. मी उगाच बोलले."

त्यांनी श्वास सोडला. तो इतका लांब होता की कुत्र्याने मान वर केली. मग भोपळा उचलून एक घोट घेतला आणि हे काय गार पाणी दिलंय म्हणून तिच्यावर डाफरले. झुल्माला ते डाफरणं इतकं गोड लागलं की ती किटली ठेवायलाच विसरली. कात्री एकदा उघडून मिटल्यावर त्यांनी विचारलं, "तेल कोणी घातलं?"

तिने गॅलरीचं सगळं सांगितलं. विटा, ताडपत्री, चिठ्ठ्या, खालची बाई. बाबा गंभीरपणे ऐकत होते.

"अकरा वर्षं वाळलेल्या?" ते म्हणाले. "आणि नुसत्या पडून?" त्यांनी कोट चढवला आणि चौदा ओळींच्या दिशेने निघाले. दारात वळून म्हणाले, "रविवारी बोलाव त्यांना. लाकूड घेऊन या म्हणावं."

शनिवारी दिवसभर तळघरातला फोन वाजत होता. सापडली का? कोणाच्या मोळीत होती? खाटकाला आपल्याकडे नसल्याचं अजून वाईट वाटत होतं. रविवारी मांस मीच आणतो, म्हणाला.

लारोसा भाच्याच्या टेम्पोतून आले, बहिणीला घेऊन. सोडलेली मोळी त्यांनी पुन्हा होती तशी बांधली होती. सर्वांत जुन्या सालापासून एकेक जाळत दुपार कलेपर्यंत मांस भाजत होतं. बहिणीने वाइन घेतली आणि भावाकडे बघून, मी सांगत नव्हते का, अशी मान हलवली. सिल्वेरा मंडळी वाटच वाकडी करून आली. ओफेलियाबाई तो सापडलेला काटा घेऊन आल्या होत्या आणि त्यानेच जेवल्या.

निघताना बाबा ताजी मोळी घेऊन फाटकात उभे राहिले. झुल्माने तोंड उघडलं होतं, की बाबा, त्यांच्याकडे शेगडी नाही. तिने ते मिटलं.

"मागच्या वर्षी आलात, ह्या वर्षीही आलात," बाबा म्हणाले.

लारोसांनी मोळी दोन्ही हातांनी घेतली. जरा वर-खाली करून वजन पाहिलं, काड्यांच्या फटीतून आत डोकावले.

"हलकी आहे," ते समाधानाने म्हणाले, आणि टेम्पोत बसून ती मांडीवर घेतली.