बांधावरची भाजी

डोणगावच्या शिवारात तणनाशक न फवारलेला बांध शोधायचा म्हणजे मोठीच पंचाईत. रेवतीला तो उकंडरावांकडे सापडला, तेव्हा ती त्यांच्या पाया पडायचीच बाकी राहिली होती. कृषी संशोधन केंद्रातलं तिचं काम होतं, तणनाशकानं पिकाभोवतालच्या मातीचं, पाण्याचं आणि जीवजंतूंचं काय होतं ते तपासायचं. फवारलेली शेतं पैशाला पासरी होती. पण ताडून बघायला एक न फवारलेला बांध नसेल, तर तिच्या अहवालाला कुणी हिंग लावूनही विचारणार नव्हतं. आज आषाढातली खरी मोजणी होती.

तिला पाहताच उकंडराव लगबगीनं पुढं आले.

"या मॅडम! आता बिनधास्त फिरा बांधावर. तुमच्या पायात काटा मोडाचा नाही, का इच्चूकाटा निंघाचा नाही."

"का हो काका?"

"काल संध्याकाळी शेजारच्या कचरूचा पंप आनून सारा बांध फवारला ना! मांगच्या बारीले तुमी त्या गवतात कशा अवघडून चालत होत्या. पाहुन्याले असं चालवाव का?"

रेवती बांधावर मटकन बसली. तण हिरवंगार होतं, कारण औषध लागू पडायला काही दिवस जातात. पण तिच्या दृष्टीनं हा बांध कामातून गेला होता. तिला रडूच आलं. ओरडायचं तरी कुणावर? गवत मोजायला येते, एवढंच ती सांगून गेली होती. पाहुणा येणार म्हटलं की अंगण सारवणारी माणसं ही, बांध कसा सोडतील?

तिनं सगळं समजावून सांगितलं. उकंडरावांचा चेहरा पडला.

"पन दुकानदार म्हने, हे फक्त गवतालेच मारते. बाकी कोनाले काही करत नाही."

"तेच तर तपासायचं होतं, काका."

तरी तिला उपाशी जाऊ देतील तर ते उकंडराव कसले! घरी त्यांच्या बायकोनं, विमलबाईंनी, दोघांची ताटं वाढली. गरम भाकर, ठेचा आणि पावसाळ्यात रानोमाळ आपोआप उगवणाऱ्या तरोट्याची, म्हणजे टाकळ्याची भाजी. रेवतीनं घास मोडला.

"काकू, भाजी कुठून आणली हो?"

"आपल्याच बांधावरली. तुमी येनार म्हनून सकाळीच खुडली, कोवळी कोवळी पाहून."

उकंडरावांनी झटकन रेवतीचं मनगट धरलं. पाहुणीच्या अंगाला हात लावणारा माणूस नव्हता तो.

"काल फवारला म्या तो बांध," ते बायकोला म्हणाले. "तुले सांगतलंच नाही."

"अवं माय! म्या तं मीठ पाहाले चाखली बी."

रेवतीनं विमलबाईंना चूळ भरायला लावली. बोटभर चाखलंय, घाबरू नका, पण जरा जरी त्रास वाटला तर लगेच डॉक्टरांकडे जा, असं ती म्हणाली.

उकंडरावांनी भाजीची कढई उचलली आणि सवयीनं बकरीकडे वळले. तिथं थबकले. उकिरड्याशी गेले, तर कोंबड्या उकरत होत्या. घरामागं नाला भरून वाहत होता. त्याच्याकडं त्यांनी नुसतंच पाहिलं. मग कढई घेऊन ते अंगणाच्या मधोमध उभे राहिले.

"मॅडम," ते म्हणाले, "एवढी कढईभर भाजी टाकाले जागा सापडून नाही राह्यली. अन् म्या तं सारा बांध फवारला."