सुरंगीला हात लावायचा नाय

किन्हवलीच्या शेवटच्या आळीत दोन भावांची घरं एकाच अंगणाला तोंड करून उभी होती. थोरल्या जयरामने आपल्या वाट्याच्या अंगणात सिमेंटच्या लाद्या बसवल्या होत्या, त्यांवर त्याची गाडी उभी असायची. धाकट्या ज्ञानेश्वरच्या वाट्यात मात्र चैत्र लागला की पाय ठेवायला जागा उरत नसे. ती सगळी करामत त्याच्या बायकोची, निशिगंधाची.

निशिगंधा शहापूर डेपोत कंडक्टर होती. बावीस वर्षांत तिने निम्मा मुलूख पालथा घातला होता. बाकीचे कंडक्टर मुक्कामाच्या गावाहून पेढे आणायचे, लसूण आणायचे. ही फांद्या आणायची. चहाला गाडी थांबली की हिची नजर समोरच्या परसात. "वयनी, यातली एक काडी देता का?" असं अनोळखी बाईला विचारायला तिला कधी लाज वाटली नाही, आणि तिला नाही म्हणणारी बाईही कधी भेटली नाही. काडी ओल्या फडक्यात गुंडाळून पायाशी ठेवायची आणि तिकिटं फाडायला लागायची.

मुरबाडवरून माळशेज चढून नगरला गेली तेव्हा तिने बोगनवेल आणली. वसईच्या वाडीतून सोनचाफ्याचं कलम आणलं, नाशकाहून गावठी गुलाब, जव्हारच्या गारव्यातून लिलीचे कांदे. इथे आणल्यावर प्रत्येकाचे नखरे वेगळे. गुलाब उन्हाने करपायचा, त्याला शेवग्याच्या सावलीत नेलं. बोगनवेल पाणी घालून घालून नुसती पाल्याने माजली. चिडून पाणी तोडलं, तर महिन्याभरात लालभडक झाली. "दुष्काळी भागातली पोर ती, लाड सोसत नाय," असं निशिगंधा सगळ्यांना सांगत सुटली. भांडी विसळलेलं, तांदूळ धुतलेलं पाणी एवढ्यावर तिने ही बाग जगवली होती.

आणि एक सुरंगी. गणपतीच्या जादा गाडीवर ती एकदा पार वेंगुर्ल्यापर्यंत गेली होती, तिथून वीतभर रोप आणलं होतं. झाड वाढलं, घराच्या वर गेलं, पण सोळा वर्षांत एक फूल दिलं नाही. "खाऱ्या वाऱ्याचं झाड हाये ते. इथं किन्हवलीत त्याला समुद्र कोण दाखवनार?" असं म्हणून जयराम हसायचा. निशिगंधाही हसायची आणि पाणी घालायची.

यंदा पाडव्याला गुढी उभारताना तिची नजर वर गेली. सुरंगीच्या जून, जाड फांद्यांना मोहरीएवढ्या कळ्यांचे दाटच्या दाट घोस लगडले होते. ती गुढी तशीच धरून उभी राहिली.

"अगो, गुढी कलतेय," ज्ञानेश्वर म्हणाला.

"कलू दे," ती म्हणाली. "वर बघ जरा."

त्याच आठवड्यात जयराम तिच्या ओट्यावर येऊन बसला. त्याच्या मुलाचं, विपुलचं लग्न ठरलं होतं, हळद बारा दिवसांवर आली होती.

"मांडव दोन्ही अंगणांवर घालायचा हाये," तो म्हणाला. "स्टेज या बाजूला येईल. तवा ही झाडं काढावी लागतील."

"कुठली झाडं, भावजी?"

"सगळीच. पावसात नवी लाव की. तुला काय, तू कुठूनबी आनशील."

निशिगंधाने हातातली भाजी खाली ठेवली. "घरामागचं शेत रिकामं हाये. भात काढून पाच महिने झाले. तिथं घाला मांडव, चारशे मानूस बसेल."

"शेतात? पावने डोंबिवलीचे हायेत. त्यांना ढेकळांत बसवू? विपुलने फुलांचं स्टेज ठरवलंय, ठाण्याचा मानूस येनार हाये."

"कसल्या फुलांचं?"

"आता कसल्या म्हंजे... प्लास्टिकच्या. खरी टिकतात का उन्हात?"

"माजी टिकलीत," निशिगंधा म्हणाली. "प्लास्टिक लावायला खरी झाडं तोडू देनार नाय मी. लग्नाला लागेल ते काम सांगा, रात्रंदिवस राबेन. पन सुरंगीला हात लावायचा नाय."

जयरामने भावाकडे पाहिलं. ज्ञानेश्वरने मान खाली घातली. आईबाप लवकर गेल्यावर थोरल्याने त्याला वाढवलं होतं. त्याच्यासमोर तोंड उघडायची त्याला सवयच नव्हती. जयराम निघून गेल्यावर तो हळूच म्हणाला, "जाऊ दे ना. घरातलं कार्य हाये."

"माजं काय घराबाहेरचं हाये?" एवढंच ती म्हणाली.

पुढच्या सोमवारी तिची ड्यूटी शहापूर–किन्हवली गाडीवर होती. गाडी शेणव्याच्या पुढे आली तेव्हा आळीतलीच एक बाई घरच्यांशी फोनवर बोलत चढली आणि तिकीट घेता घेता म्हणाली, "कंडक्टरबाई, तुमच्या दारात जेसीबी कशाला आलाय गो?"

 निशिगंधा ड्यूटीवर असतानाची वेळ साधली होती. गाडी थांबवून पळता येत नव्हतं, चाळीस माणसं आत होती. तिने उरलेली तिकिटं दिली, एकाला दोनदा सुटे पैसे दिले, आणि केबिनपाशी जाऊन ड्रायव्हर अनंताला सांगितलं, "स्टँडवर गाडी पंधरा मिनिटं थांबते. तेवढ्यात घरी जाऊन येते. उशीर झाला तर हॉर्न मार."

गाडी थांबली आणि ती खाकी गणवेशातच, तिकिटाचं मशीन छातीशी धरून धावत सुटली.

अंगणात पोचली तेव्हा गुलाब गेला होता. बोगनवेल मुळासकट उपटून बांधावर टाकली होती, फुलं अजून ताजी लाल. जेसीबीचा पंजा सोनचाफ्याकडे वळत होता. बाजूला जयराम आणि विपुल उभे. ज्ञानेश्वर ओट्यावर, डोकं हातांत धरून.

निशिगंधा सरळ जाऊन यंत्रापुढे उभी राहिली. चालत्या गाडीच्या गर्दीवरून मागच्या दारापर्यंत जाणारा आवाज तिने लावला.

"बंद कर!"

यंत्र थांबलं. चालवणारा धोंडी डोळखांबकडचा, चाळिशीचा माणूस. त्याने मान बाहेर काढली. "मला सांगितलं घरच्यांचं एकमत हाये."

"मी घरची नाय का?"

"काकी, दोन दिवसांचा प्रश्न हाये," विपुल पुढे येऊन म्हणाला. "लोकांसमोर कशाला तमाशा?"

"तमाशा मी मांडला? मी गेल्यावर यंत्र कोनी आनलं?" तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "लहानपनी ताप आला तर याच चाफ्याखाली निजायचास. काकीला तोंडावर सांगायची हिंमत नव्हती तुला?"

विपुलने नजर वळवली. जयराम मात्र तापला. "लई झालं तुजं! पगार आनतेस म्हनून थोरल्यांना उलटं बोलतेस? धोंडी, चालू कर."

धोंडीने चावी काढून खिशात टाकली. "मी नाय चालवत. बाई पुढ्यात उभी हाये. आदी तुमचं घरातलं मिटवा."

तेवढ्यात स्टँडवरून हॉर्न वाजला. एकदा, मग लांबलचक दुसऱ्यांदा.

 निशिगंधाला गाडी सोडता येत नव्हती, आणि ती वळली की दुसरा कोणी तरी यंत्र चालवणार हे तिला दिसत होतं. ती ओट्यापाशी गेली. नवऱ्याच्या खांद्याला तिने हात लावला नाही, की ती रडली नाही.

"मला गाडीवर जायचं हाये," ती म्हणाली. "माजी झाडं तुज्या जमिनीत हायेत. तुला वाटेल ते कर. पन संध्याकाळी मला तोंड दाखवायचं हाये तुला."

आणि ती गेली. परतीच्या गाडीत तिने प्रत्येकाला तिकीट दिलं, म्हातारीला हाताला धरून उतरवलं, डेपोत हिशेबाचा कागद भरला. अंगणात काय चाललं असेल ते दिवसभर तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

सूर्य कलल्यावर ती घरी आली. जेसीबी नव्हता, सोनचाफा जागेवर होता. ज्ञानेश्वर सुरंगीच्या बुंध्याला पाठ टेकून मातीत बसला होता. ओठ सुकलेले, समोर पाण्याचा तांब्या तसाच भरलेला. त्याच्या डोक्यावर, खांद्यांवर पांढऱ्या पाकळ्या आणि पिवळे तंतू पडले होते. कळ्या दुपारी उमलायला लागल्या होत्या आणि साऱ्या आळीभर वास सुटला होता.

"दादा बोलला, तू माजा भाऊ नाय," तो म्हणाला.  "मी बोललो, भाऊ हाये. पन उठनार नाय."

निशिगंधा त्याच्या शेजारी तशीच खाकीत बसली. 

दुसऱ्या दिवसापासून ज्ञानेश्वर फावडं घेऊन मागच्या शेतात उतरला. कुणी सांगितलं नव्हतं. त्याने चार बांध फोडले, धसकटं काढली, ढेकळं ठेचली, पाणी मारून जमीन चोपली. तिसऱ्या दिवशी आळीतली सहा-सात माणसं त्याच्या हाताखाली आली. जयराम खिडकीतून बघत राहिला. शेवटी ठाण्याच्या माणसाने जागा पाहिली आणि म्हणाला की त्याला हीच सोयीची, टेम्पो आत येतो. मांडव शेतात पडला.

ज्ञानेश्वरच्या घरी पत्रिका आली नाही. हळदीच्या संध्याकाळी तो नेसायचं धोतर हातात घेऊन ओट्यावर घुटमळत बसला. "बोलावल्याशिवाय कसं जायचं?"

"पुतन्याच्या हळदीला काकीला आवतन लागत नाय," निशिगंधा म्हणाली. तिने हिरवी साडी नेसली, सुरंगीच्या फुलांचा वळेसर ओवून अंबाड्यात माळला आणि भरल्या मांडवात पहिल्या रांगेत जाऊन बसली. बायका कुजबुजल्या. जाऊ, विपुलची आई, क्षणभर थबकली, तिने नवऱ्याकडे बघितलं, आणि मग हळदीचं ताट तिच्यापुढे धरलं. निशिगंधाने विपुलच्या दोन्ही गालांना हळद लावली. त्याने वाकून तिच्या पायांना हात लावला. "काकी, चुकलं," तो पुटपुटला.

"चुकलंच," ती म्हणाली, आणि त्याच्या कपाळालाही हळद लावली.

जयरामने काही ते विसरलं नाही. वरात परतली त्याच आठवड्यात त्याने अंगणात दोरी धरून खुंट्या ठोकल्या. "भिंत घालनार हाये मधे," तो भावाकडे बघून म्हणाला.

"घाला," निशिगंधानेच उत्तर दिलं. "पन पाया तुमच्या लाद्यांत खना. माज्या मातीत नाय."

वैशाखात भिंत उभी राहिली, डोक्याइतकी उंच. जयराम अजून तिच्याशी बोलत नाही. सणावाराला ज्ञानेश्वर एकटाच जाऊन भावाच्या पाया पडून येतो. निशिगंधाला त्याचं वाईट वाटतं, ती ते लपवतही नाही. उपटलेली बोगनवेल तिने जेसीबी आला त्याच संध्याकाळी परत लावली होती, ती जगली. गुलाब मात्र गेला तो गेलाच. परवा तिने डेपोत अर्ज देऊन नाशिकची ड्यूटी मागून घेतली.