लव्हाळ्याची काडी

कॅमेरा क्लबाच्या पक्षीस्पर्धेचा नियम साधा होता: माणशी एकच फोटो, तोही पांढऱ्या माउंटात, म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकटीत, बसवलेला. माउंट कापून मिळायचे ते फ्रेमवालीच्या दुकानात, त्यामुळे स्पर्धेच्या आठवड्यात अख्खा क्लब तिच्या काउंटरवर येऊन पडायचा. सगळे एकापेक्षा एक शहाणे. एका चिमणीसाठी अर्धा दिवस चिखलात लोळतील, पण काढलेल्या फोटोंतला एक निवडायचा म्हटलं की यांचे हातपाय गळाले. मग "तूच सांग बाई, तुझी नजर चांगली" अशी विनवणी. नजर होतीच तिची चांगली. तिचं न ऐकणारा वर्षभर हळहळत बसायचा.

तिचा नवरा त्यातलाच. पाण्याकाठी एकदा बसला की हलायचा नाही, म्हणून क्लबात त्याला सगळे बगळा म्हणत. सकाळी त्याने काउंटरवर पाच फोटोंचं पाकीट टाकलं आणि म्हणाला, "तू निवड. मला सगळीच आपली पोरं गुणी वाटतात." एवढ्या वर्षांच्या संसारात पूर्णपणे तिच्यावर सोपवलेली ही एकच गोष्ट. तिला त्याचं फार अप्रूप होतं.

दुपारी धाकटी बहीण धावतपळत आली. दातांच्या दवाखान्यात ती कामाला होती आणि जेवणाची सुट्टी संपत आली होती. आल्या आल्या तिने ताईच्या डब्यातली पोळी उचलली.

"ताई, तीन आणलेत. त्यातला एक बघून तू उडशीलच."

"उडायला मी काय पक्षी आहे?"

"भाऊजींना नको हं दाखवू. एकदम निकालाच्या दिवशी बघू देत. जिरवायचीय मला त्यांची."

आणि हसत हसत गेलीसुद्धा. ही कायम अशीच. वडील गेल्यावर मात्र वर्षभर तोंडातून शब्द निघत नव्हता, तेव्हा फ्रेमवालीनेच नवऱ्याला गळ घातली होती, "न्या हो तिला बरोबर, कॅमेरा शिकवा, पोरीचा जीव रमेल." रमला.

फ्रेमवालीची निवडायची एक रीत होती. ती फोटो उलटे मांडायची, डोकं खाली, पाय वर. पक्षी सुलटा असला की माणूस त्याच्या डोळ्यांना भुलतो. उलटा केला की उजेड दिसतो, कडा दिसतात आणि कोपऱ्यात काय काय घुसलंय तेही दिसतं. नवऱ्याचे तिने वरच्या ओळीत मांडले, धाकटीचे खाली.

पहिल्यांदा तिला वाटलं, एकच फोटो दोनदा आला. खंड्या पाण्यातून नुकताच वर आलेला, चोचीत मासा, माशाची शेपटी वळलेली, शेपटीखाली सुटलेला एक थेंब. वर तेच, खाली तेच. तिने दोन्ही सुलटे केले. खालच्यात खंड्याचा चेहरा जरा जास्त समोर होता, एवढाच फरक. थेंब मात्र तोच, आणि थेंब काही पोज देऊन थांबत नाही. दोन कॅमेरे एकाच क्षणी, खांद्याला खांदा लागेल एवढ्या अंतरावरून चालले होते.

हा खंड्या मिळाला त्या रविवारी नवरा घरी नाचतच आला होता. "बरोबर कोण होतं?" असं तिने विचारलं, तर म्हणाला, "कोण असणार? एकटाच." आणि धाकटीला त्या दिवशी ताप होता. फ्रेमवालीने फोन केला होता, डबा आणू का म्हणून. "नको ताई, झोपते जरा," म्हणाली होती. आवाजही बारीक केला होता मेलीने.

एवढं झाल्यावरही फ्रेमवाली स्वतःची समजूत घालत बसली. माणूस बुडताना काडीचासुद्धा आधार शोधतो म्हणतात. भेटली असतील वाटेत. ताप उतरला असेल. मला सांगायचं राहून गेलं असेल. तेवढ्यात नवऱ्याच्या फोटोच्या कोपऱ्यात तिला खरोखरच एक काडी दिसली, लव्हाळ्याची, धुरकट. धाकटीचा फोटो स्वच्छ होता.

त्या काडीशी तिची जुनी ओळख होती. लग्नानंतर सुरुवातीला तीही जायची त्याच्याबरोबर ओढ्याकाठी, गळ्यात स्वतःचा कॅमेरा घालून. तिथे एक सपाट दगड आहे, त्यावर एकालाच बसता येतं आणि समोरचं पाणी आरशासारखं मोकळं दिसतं. दुसऱ्याने शेजारी खाली ओलीत बसायचं. तिथून काहीही टिपा, लव्हाळा मध्ये येणारच. दगड नेहमी त्याचा. "एकदा बसू द्या की मला," असं ती म्हणायची. "बसशील गं, एवढा पक्षी जाऊ दे," असं तो म्हणायचा. असे किती पक्षी गेले. तिच्या प्रत्येक फोटोत काडी आली. शेवटी तिने कॅमेरा कपाटात ठेवला आणि माउंट कापायला शिकली, आणि त्याचं तिला कधी वाईटही वाटलं नव्हतं. माणूस छंदात वेडा आहे, दगड सख्ख्या आईलासुद्धा देणार नाही, असं ती लोकांना कौतुकाने सांगायची.

आता मात्र ती स्टुलावर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. दुकान उघडंच होतं.

मग तिने डोळे पुसले आणि कटर उचलला. आठही फोटोंत धाकटीचाच खंड्या सरस होता, नजर काही खोटं बोलेना. तिने त्याला माउंट कापला. कधी नव्हे ती कड वाकडी गेली, म्हणून दुसरा कापला.

संध्याकाळी बगळा आला. "झाला का निवडून?"

तिने माउंटातला खंड्या आणि त्याचा खंड्या शेजारी शेजारी ठेवले. तो वाकला, बघत राहिला आणि हळूहळू त्याचा चेहरा उतरला.

"अगं, ती अचानकच आली तिथे. तुला उगीच काहीतरी वाटेल, म्हणून बोललो नाही. एवढं काय त्यात?"

"आली असेल."

"खरंच सांगतोय."

तिने त्याच्या फोटोतल्या काडीवर बोट ठेवलं. "दगडावर ती बसली होती."

तो घाईने म्हणाला, "तिला खालून नीट दिसत नव्हतं गं, म्हणून..."

"मलाही दिसत नव्हतं हो," ती म्हणाली.